पॅकेज साडेचार लाखांचं, हातात किती?

वाचकांचे प्रश्न : पदवीनंतरची पहिली नोकरी आणि पहिला पगार

माझी सगळी नोकरी कारखान्यांच्या पगार विभागात आणि पुढे भरतीच्या मुलाखती घेण्यात गेली, म्हणून निकालाच्या दिवसांत आलेली पत्रं संपादक माझ्याकडे पाठवतात. त्यांतली पाच इथे घेतली आहेत. पहिल्या पत्राला सर्वांत जास्त जागा दिली, कारण तोच प्रश्न बहुतेक पत्रांत या ना त्या रूपात होता.

*प्रश्न : ताई, मी यंदा कॉम्प्युटर इंजिनीअर झालो. एका कंपनीचं ऑफर लेटर आलं आहे, सीटीसी वर्षाला ४ लाख ५० हजार. मी बाराने भागून महिना साडेसदतीस हजार धरले आणि त्या हिशेबाने पुण्यात खोली बघून ठेवली. सीनियर म्हणतो, एवढे हातात येणार नाहीत. मग किती येतील? बाकीचे जातात कुठे? पगाराचं पान सोबत जोडलं आहे.*

सीनियर बरोबर सांगतोय. खोलीचं डिपॉझिट दिलं नसशील तर दोन दिवस थांब.

सीटीसी म्हणजे कंपनीला तू वर्षाला कितीला पडतोस तो आकडा. तो तुझा पगार नव्हे. पान पाठवलंस म्हणून नेमकं सांगता येतं. तुझं मूळ वेतन महिना १८,०००, घरभाडं भत्ता ७,२००, विशेष भत्ता ४,१००. झाले २९,३००. दरमहा तुझ्या नावावर दिसणारा पगार एवढाच. वर्षाचे ३,५१,६००.

साडेचार लाखांतले उरलेले ९८,४०० कुठे आहेत ते पुढच्या ओळींत बघ. कंपनीचा पीएफचा हिस्सा वर्षाला २५,९२०, ग्रॅच्युइटी (नोकरी सोडताना मिळणारी सेवेबद्दलची रक्कम) १०,३९०, वैद्यकीय विम्याचा हप्ता ६,०९० आणि व्हेरिएबल पे ५६,०००. बेरीज बरोबर साडेचार लाख.

आता २९,३०० मधून तुझा स्वतःचा पीएफ जाणार, मूळ वेतनाच्या १२ टक्के, म्हणजे २,१६०. महाराष्ट्रात व्यवसाय कर महिना २००, फेब्रुवारीत ३००. मुलींना महिना २५ हजारांपर्यंतच्या पगारावर तो लागत नाही, हे इतर वाचकांसाठी. प्राप्तिकराची काळजी नको. २०२५-२६ पासून नव्या करप्रणालीत १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर कर भरावा लागत नाही. तेव्हा तुझ्या खात्यात पडणार २६,९४०. साडेसदतीस हजारांशी तुलना केलीस तर दहा हजारांहून जास्त फरक. खोली २६,९४० धरून बघ.

आता त्या ९८,४०० कडे वळू. ते सगळे सारखे नाहीत. पीएफ तुझाच पैसा आहे. तुझे २,१६० आणि कंपनीचे २,१६० मिळून वर्षाला ५१,८४० साठतात आणि २०२४-२५ साठी त्यावर ८.२५ टक्के व्याज जाहीर झालं होतं. पहिल्यांदाच नोकरीला लागणाऱ्याचं मूळ वेतन १५ हजारांच्या वर असेल तर पीएफ कायद्याने सक्तीचा नसतो. त्यामुळे काही कंपन्या मुलांना विचारतात, 'पीएफ नको असेल तर हातात जास्त देऊ.' बाविसाव्या वर्षी ते गोड वाटतं. पण तू हो म्हणू नकोस. पगारातून आपोआप बाजूला पडणारी रक्कम ही नव्या नोकरदाराची एकमेव बचत असते, हे मी वर्षानुवर्षं पगारपत्रकांवर पाहिलं आहे. पुढे घरच्या आजारपणाला, बहिणीच्या शिक्षणाला तोच पैसा उपयोगी पडतो.

ग्रॅच्युइटीचं मात्र वेगळं आहे. १९७२ च्या कायद्याने घालून दिलेली रीत अशी की कायम कर्मचाऱ्याला सलग पाच वर्षं झाल्यावर ती मिळते, वर्षाला पंधरा दिवसांच्या वेतनाच्या हिशेबाने. तू तिसऱ्या वर्षी नोकरी बदललीस तर यातलं काही मिळणार नाही, तरी दरवर्षी १०,३९० तुझ्या 'पॅकेज'मध्ये मोजले गेलेले असतील. ठरावीक मुदतीच्या करारावरच्या कर्मचाऱ्याला नव्या श्रमसंहितेत, म्हणजे जुने कामगार कायदे एकत्र करून केलेल्या कायद्यात, एका वर्षानंतरच ग्रॅच्युइटीचा हक्क आहे. तुझं पत्र कायम नोकरीचं आहे की मुदतीच्या कराराचं, ते वाचून घे. मला पाठवलेल्या पानावर ते दिसत नाही.

आणि व्हेरिएबल पे. मला खरी चिंता या ओळीची आहे. ५६,००० लिहिले आहेत, पण ते कंपनीच्या आणि तुझ्या कामगिरीवर अवलंबून. एचआरला ई-मेलने साधा प्रश्न विचार : गेल्या दोन वर्षांत नव्या मुलांना व्हेरिएबलचा किती टक्के भाग प्रत्यक्ष मिळाला आणि कधी मिळाला, तिमाहीला की वर्षअखेर? चांगली कंपनी याचं उत्तर देते. टाळाटाळ झाली तर ते ५६ हजार हिशेबातून काढून टाक. मिळाले तर आनंदच आहे.

अजून एक. चार श्रमसंहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्या. त्यांत भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त झाले, तर वरची रक्कम वेतनातच धरायची आहे. पूर्वी मूळ वेतन मुद्दाम तुटपुंजं ठेवून बाकी सगळं भत्त्यांत दाखवायची पद्धत सर्रास होती. तुझ्या पत्रात तसं नाही, हे बरं आहे. नियुक्तिपत्र देणंही आता मालकाला बंधनकारक आहे, तेव्हा 'जॉइन हो, पत्र नंतर देऊ' म्हणणाऱ्याकडे जायचं नाही.

*प्रश्न : माझ्या मुलीसाठी आम्ही इंजिनीअरिंग कॉलेज बघतो आहोत. एका कॉलेजच्या जाहिरातीत 'सर्वोच्च पॅकेज ४४ लाख, ९५ टक्के प्लेसमेंट' असं आहे. फी परवडणारी नाही, पण एवढी नोकरी मिळणार असेल तर कर्ज काढायची तयारी आहे. आपलं मत कळवावं.*

कर्ज काढायच्या आधी तुम्ही विचारलंत, याचं मला फार समाधान वाटलं.

४४ लाख एका मुलाला मिळाले असतील, आणि खरेच मिळाले असतील. पण तुमच्या मुलीला काय मिळण्याची शक्यता आहे, हे त्यावरून कळत नाही. त्यासाठी मध्यक बघावा लागतो. नोकरी लागलेल्या सगळ्या मुलांना पगाराप्रमाणे ओळीत उभं केलं, तर मधल्या मुलाचा पगार किती, तो मध्यक. सरासरीवरही जाऊ नका. समजा नऊ मुलांना साडेतीन लाख आणि एकाला ४४ लाख मिळाले, तर सरासरी साडेसात लाखांच्या वर जाते आणि प्रत्यक्षात साडेसात लाख कुणालाच मिळालेले नसतात. मध्यक साडेतीनच राहतो.

हा आकडा मिळतो कुठे? केंद्र सरकारच्या एनआयआरएफ क्रमवारीत भाग घेणाऱ्या प्रत्येक संस्थेला तो द्यावा लागतो, आणि क्रमवारी २०१६ पासून जाहीर होते. एनआयआरएफच्या संकेतस्थळावर आणि बहुतेक कॉलेजांच्या स्वतःच्या संकेतस्थळावर ती पीडीएफ असते. त्यात प्रवेश किती झाले, ठरलेल्या वेळेत पास किती झाले, नोकरी किती जणांना लागली, त्यांचा मध्यक पगार किती आणि उच्च शिक्षणाला किती गेले, हे वर्षवार दिलेलं असतं. मुलीला शेजारी बसवा आणि ती पीडीएफ दोघं मिळून वाचा. प्रवेश घेतलेल्यांपैकी वेळेत पास झालेले किती, हा आकडा पालक सहसा बघतच नाहीत. तो जरूर बघा.

आता ते '९५ टक्के'. भरतीसाठी कॉलेजांत जायचे तेव्हा ही टक्केवारी कशी तयार होते, ते मला जवळून दिसायचं. ९५ टक्के कशाचे, हे विचारावं लागतं. पास झालेल्या सगळ्यांचे? की प्लेसमेंट सेलकडे नाव नोंदवलेल्यांचे? नाव नोंदवायला साठ टक्के गुण आणि एकही विषय राहिलेला नको अशी अट असते, म्हणजे ज्यांना मदतीची सर्वांत जास्त गरज, तेच मोजणीतून बाहेर. एकाच मुलाला तीन कंपन्यांनी निवडलं तर तीन ऑफर धरल्या जातात. कॉलेजात फोन करून विचारा : मागच्या वर्षी या शाखेतून किती मुलं पास झाली आणि त्यांतल्या किती वेगवेगळ्या मुलांना नोकरी मिळाली? दोन आकडे मागायचे, टक्के मागायचे नाहीत.

कर्जाबद्दल माझं मत स्पष्ट आहे. त्या शाखेचा मध्यक पगार घ्या, वरच्या पत्रात दाखवला तसा हातात येणारा आकडा काढा, मुलीचं राहणं-जेवण वजा करा आणि उरलेल्यातून हप्ता फिटतो का बघा. फिटत नसेल तर कमी फीचं सरकारी किंवा अनुदानित कॉलेज घ्या. मुलीला त्यात कमीपणा वाटू देऊ नका.

*प्रश्न : मी बी.कॉम. झाले. दोन वर्षं एमपीएससीचा अभ्यास करते आहे, पूर्वपरीक्षा एकदा निघाली. आता एका कंपनीत ॲप्रेंटिस म्हणून वर्षभरासाठी महिना १२ हजार देतात. मामा म्हणतात, पदवी घेऊन १२ हजारांवर काय जातेस, अभ्यास कर. काय करू?*

मामांचं म्हणणं मी उडवून लावणार नाही, त्यामागे हिशेब आहे. सातव्या वेतन आयोगात केंद्राच्या कनिष्ठ लिपिकाचं मूळ वेतन १९,९०० पासून सुरू होतं. जानेवारी २०२४ मध्ये महागाई भत्ता ५० टक्के झाला, तेव्हा दोन्ही मिळून २९,८५० झाले, घरभाडं वेगळं. खासगीत बी.कॉम.च्या मुलीला पहिल्या दिवशी एवढे कोण देतं? म्हणून तर घरं मुलांना वर्षानुवर्षं अभ्यासाला बसवतात.

पण त्या रांगेची किंमतही आकड्यांत दिसते. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या २०२४ मधल्या भारतविषयक अहवालात २०२२ ची आकडेवारी आहे : पदवीधर तरुणांमध्ये बेरोजगारी २९.१ टक्के, आणि लिहिता-वाचता न येणाऱ्या तरुणांमध्ये ३.४ टक्के. शिक्षण वाईट म्हणून हे होत नाही. अशिक्षित मुलाला घरी बसणं परवडतच नाही, मिळेल ते काम तो धरतो. पदवीधराला घर थोडी वर्षं सांभाळतं आणि तो चांगल्या नोकरीची वाट बघतो. थोडी वर्षं म्हणता म्हणता ती लांबतात. एमपीएससीला खुल्या प्रवर्गाची वयोमर्यादा ३८ आहे, त्यामुळे थांब म्हणून सांगणारं कुणी उरत नाही.

मुली, तू ॲप्रेंटिसशिप घे. तिचं स्वरूप मात्र नीट समजून घेऊन जा. १९६१ च्या कायद्याखालची ही शिकाऊ उमेदवारी आहे, नोकरी नाही. पीएफ नसतो, वर्ष संपल्यावर कंपनीने ठेवून घेतलंच पाहिजे असंही नाही. २०१९ च्या नियमांत पदवीधराचं किमान विद्यावेतन ९,००० ठरलं होतं, त्यापेक्षा तुला जास्त मिळतंय. करार सरकारच्या पोर्टलवर नोंदवला जाणार आहे ना, एवढं पहिल्याच दिवशी विचार. नोंदला नसेल तर शेवटी मिळणाऱ्या प्रमाणपत्राला अर्थ राहत नाही आणि मग ते नुसतं स्वस्तातलं काम ठरतं.

आणि काम कुठल्या टेबलावर देणार, तेही विचार. जीएसटीची विवरणपत्रं, टीडीएस, टॅली, बँक रिकन्सिलिएशन यांत वर्ष गेलं तर पुढच्या वर्षी पगाराचं बोलणं करायला तुझ्याकडे काहीतरी असेल. वर्षभर झेरॉक्स आणि फायलिंग करायला लावणार असतील, तर तिसऱ्या महिन्यात लेखी विनंती करून विभाग बदलून माग. राज्य सरकारच्या २०२४ च्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत पदवीधराला महिना १० हजार ठरले होते. त्या वेळी गेलेल्या मुलींची मला पत्रं आली. ज्यांना प्रत्यक्ष काम मिळालं त्या पुढे टिकल्या आणि ज्या नुसत्या बसून राहिल्या त्या होत्या तिथेच आहेत.

अभ्यास सोडायला मी सांगत नाही. पूर्व निघाली, म्हणजे तुझ्यात ते आहे. सकाळचे दोन तास ठेव आणि आणखी किती प्रयत्न द्यायचे, ते आजच मामांसमोर ठरव.

*प्रश्न : माझी निवड झालेली कंपनी दोन वर्षांचा बॉण्ड मागते. मध्येच सोडलं तर दीड लाख. शिवाय मूळ मार्कशीट आणि सही केलेला कोरा चेक जमा करायचा आहे. सही करू का?*

मार्कशीट आणि कोरा चेक देऊ नकोस. पडताळणीसाठी मूळ कागद दाखवायचे, साक्षांकित प्रती द्यायच्या आणि मूळ कागद घेऊन घरी यायचं. जी कंपनी मुलाचे कागद अडकवून ठेवते, ती पुढे पगारही अडकवते.

बॉण्डचं म्हणशील तर तो आपोआप बेकायदा ठरत नाही, तसा गैरसमज फार आहे. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विजया बँकेच्या प्रकरणात तीन वर्षं सेवा किंवा दोन लाख रुपये ही अट वैध ठरवली. तिथे सार्वजनिक बँक होती, अधिकाऱ्याचं पद होतं आणि नव्याने भरतीचा खर्च बँकेला येतो, हे न्यायालयाने मानलं. १८७२ च्या करार कायद्याचं कलम ७४ म्हणतं की भरपाई वाजवी हवी. करारात लिहिलेला आकडा ही वरची मर्यादा, तेवढीच रक्कम मिळेलच असं नाही. तेव्हा विचार : दीड लाखांचं प्रशिक्षण कोणतं देणार? किती आठवडे, बाहेर प्रमाणपत्र मिळतं का? दोन महिन्यांचं खरं प्रशिक्षण असेल तर सही करायला हरकत नाही. दर महिन्यागणिक रक्कम कमी होत जाईल असं कलम घालून माग, पुष्कळ कंपन्या मान्य करतात.

*प्रश्न : मेकॅनिकल झालो, औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यात वर्षाला २ लाख ४० हजारांवर लागलो. मित्र आयटीत साडेतीन लाखांवर आहे. सुरुवातच खाली झाली, आता कायम मागेच राहणार का? पगार वाढवून मागितला तर चालेल का?*

कायम मागे राहणार नाहीस, पण आपोआप पुढेही जाणार नाहीस.

कॅनडात मंदीच्या वर्षांत पदवी घेतलेल्या मुलांचा मोठा अभ्यास झाला, तो २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. सुरुवातीला ती मुलं साधारण ९ टक्के मागे होती. पाच वर्षांत अंतर निम्म्यावर आलं, दहा वर्षांत जवळपास मिटलं. कसं मिटलं, ते तुझ्यासाठी महत्त्वाचं आहे : ती मुलं पहिल्या काही वर्षांत जास्त पगार देणाऱ्या कंपन्यांत गेली. ज्यांची शाखा आणि कॉलेज आधीच कमी मागणीचं होतं, त्यांना फार जास्त वेळ लागला.

मित्राच्या साडेतीन लाखांनी दबून जाऊ नकोस. मोठ्या आयटी सेवा कंपन्या नव्या मुलांना दहा-बारा वर्षांपूर्वीही तीन-सव्वातीन लाख देत होत्या. २०१२ ला किरकोळ महागाईचा निर्देशांक १०० धरला, तर २०२४ च्या अखेरीस तो १९० च्या पुढे गेला होता. म्हणजे त्याचा पगार दिसतो तेवढा मोठा नाही. पहिल्या पायरीवर सगळीच मुलं स्वस्तात घेतली जात आहेत आणि मला त्याचं फार वाईट वाटतं. चार वर्षं घाम गाळून आलेल्या मुलाला घरभाडं आणि मेस भागवताना नाकीनऊ यावेत, हे बरं नाही. कंपन्यांच्या बैठकांत मी हे बोलत आले, अजूनही बोलते.

तू काय करायचं? पहिलं दीड वर्ष शॉप फ्लोअरवर एका गोष्टीत पक्का हो : सीएनसी प्रोग्रॅमिंग, गुणवत्ता तपासणी, पीएलसी, काहीही एक. दर महिन्याची सॅलरी स्लिप, फॉर्म १६ आणि सोडताना रिलीव्हिंग लेटर जपून ठेव. यूएएन, म्हणजे नोकरी बदलली तरी कायम राहणारा पीएफचा क्रमांक, एकच ठेव, नवी कंपनी लागली की त्याच क्रमांकावर पीएफ वळव. भरती करणारे त्या क्रमांकावरून आधीच्या नोकऱ्यांच्या तारखा ताडून बघतात, त्यामुळे मधल्या तीन महिन्यांची नोकरी बायोडेटात लपवली तर तिथेच कळतं. नोटीस पीरियड बघ. तीन महिन्यांचा असेल तर नव्या कंपनीला पहिल्याच बोलण्यात सांग.

पगार वाढवून मागायला संकोच करू नकोस. कॅम्पसमधून आलेल्यांचा पगार सगळ्यांना एकच असतो, तिथे सहसा काही हलत नाही. तुझं तसं नाही, तू बाहेरून लागलास. वर्ष पूर्ण होण्याच्या महिनाभर आधी साहेबांना ई-मेल लिही. वर्षभरात कोणती मशीन सांभाळलीस, कुठलं रिजेक्शन कमी केलंस, ते चार ओळींत आकड्यांसह मांड आणि महिना किती हवेत तो आकडा स्पष्ट लिही. 'थोडा वाढवा' असं मोघम लिहू नकोस. आठवडाभरात उत्तर आलं नाही, तर जेवणाच्या सुट्टीनंतर केबिनमध्ये जाऊन विचार.